डाव्या हाताला घाट, उजव्या हाताला रेती

इकडे ये. अजून सरक. समोर नको बसूस, अशी माझ्या बाजूला बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे काशीत, हे मला ठाऊक आहे गं. पण माणूस शेजारी बसवल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. आणि तो फोन आधी पालथा ठेव. त्या फोनावरूनच तुला रागवायचंय.

परवा मी तुला एक फोटो पाठवला. गंगेचा, पलीकडच्या रेतीचा, काळा-पांढरा. किती खपून केलेला! आणि तू, माझा चहा गाळून होतोय न होतोय तोच, त्यात रंग भरून परत धाडलास. वर लिहिलंस, "मावशी, बघ किती छान झाला!" छान? अगं, आमच्या गंगेला तू पोहण्याच्या तलावासारखं निळं केलंस. रेती गुलाबी. आणि त्या नावेला तुझ्या ॲपने लाल-पिवळे पट्टे मारले. त्या बिचारीला जन्मात डांबराखेरीज काही लागलं नव्हतं, आता म्हातारपणी लग्नाला उभी केलीस! मी आधी हसले, पोट धरून हसले. मग राग आला.

दुसरं रागवणं जुनं आहे. गेल्या वर्षी आमच्या घरच्या मुंजीला तू इथे आलीस आणि रुसून गेलीस. तुझ्या आईने मला फोनवर सांगितलं, "ती म्हणते, काका भिंतीशी बोलत होते, माझ्याशी नाही. एवढी लांबून आले आणि माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही." तेव्हा मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही हे तुला माहीत आहे, पण ह्यांनी बजावून ठेवलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही. आता परवानगी मिळाली आहे. तेव्हा ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

तुझ्या काकांच्या डोळ्यांच्या पडद्याची मधली जागा झिजत चालली आहे. बाजूचं दिसतं, मधलं नाही. म्हणजे कसं, ताट समोर ठेवलं की ताटाची कड दिसते, मीठ दिसतं, लोणचं दिसतं, आणि ज्या वाटीकडे बघावं तीच नाहीशी होते. माणूस पुढ्यात आलं की खांदे दिसतात, कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी डाग. रंग तर सगळ्यांत आधी गेले. मोतिया पातळ नेसले काय आणि आकाशी नेसले काय, ह्यांना दोन्ही सारखंच. मला आधी वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारात लक्ष देणं सुटलं असेल. कुठल्याही बायकोला तसंच वाटलं असतं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, मधलं परत येणार नाही, बाजूचं राहील. मोठं आणि ठळक असेल ते दिसेल. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं. आणि मला बाहेर थांबवून म्हणाला, "माताजी, जो बचा है, उससे देखने की आदत छूटने मत दीजिए."

आदत सुटलीच होती. त्याचंच मला भय वाटायला लागलं होतं. पहाटे उठून बालाजी घाटावर जाणारा हा माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. खिडकी लावून घ्या म्हणायचे. घाटावर चला म्हटलं की गुडघे दुखायचे. रेडिओसुद्धा नको. डोळे अर्धे गेले होते, पण बघणं ह्यांनी पुरतं सोडून दिलं होतं, आणि माणसाने बघणंच सोडलं की मग जेवणाखाण्यातली चव, बोलण्यातली चव, एकेक करून सगळंच सोडतं. मी माझ्या सासऱ्यांचं पाहिलं आहे. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

आता फोटोंचं सांगते. आमचं बिऱ्हाड तेव्हाही, ह्यांच्या तरुणपणी, मंगला गौरीच्या गल्लीतच. खोल्या तीन, आणि माणसं विचारू नकोस. सासू-सासरे, दोन दीर, सासऱ्यांची बहीण, मुलं, आणि काशीयात्रेला आलेलं कुणी ना कुणी कायमचंच. हे रेल्वेत होते. आठवडाभर नोकरी, आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून घाटावर उतरायचे, ओळखीच्या मल्लाहाला, म्हणजे नावाड्याला, हाक मारायचे आणि पार जायचे. आमच्या काशीत नुसतं 'पार' म्हटलं की गंगेपलीकडची रेती, ती तुला माहीत आहे. तिथे उभं राहून ह्यांनी फोटो काढले. नुसत्या रेतीचे. पाण्याचे. लांबून दिसणाऱ्या घाटांचे, पुलाचे. एकात माणूस असेल तर शपथ. मी म्हणायची, अहो, एकदा आमचाही काढा की. तर म्हणायचे, रोल संपला. दर रविवारी ह्यांचा रोल माझ्याच वेळी संपायचा.

ते फोटो रंगीत होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेले. डोळ्यांचं कळलं त्या हिवाळ्यात मी ते डबे उघडले, आणि बघते तर सगळ्यांना कुंकवाचं पाणी लागल्यासारखे लालभडक झालेले. आकाश लाल, रेती लाल. ह्यांना दाखवले तर म्हणाले, "मला आधीच काही दिसत नाही, आणि तू मला लाल कागद दाखवतेस. दे ते मल्लाहाला. गंगेचेच आहेत, गंगेत जाऊ देत. आणि कॅमेरा पण देऊन टाक कुणाला तरी."

मी "बरं" म्हटलं, आणि डबे उचलून डाळीच्या पिंपामागे ठेवले. कॅमेरा तांदळाच्या पिंपामागे. नवऱ्याला बरं म्हणायला काही लागत नाही.

त्या डब्यांच्या तळाला निगेटिव्ह होत्या, कागदी पाकिटांत घालून नीट ठेवलेल्या. आणि डॉक्टरचं ते काळ्यावर पांढरं माझ्या डोक्यात घुमत होतं. मी विचार केला, ह्यांच्याच फोटोंतून रंग काढून टाकले तर? रंग तसाही ह्यांना दिसत नाही, मग त्याची अडचण कशाला मध्ये?

चौकात एक स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडे निगेटिव्ह घेऊन गेले. म्हटलं, भैय्या, ह्या कंप्यूटरवर चढवून दे, ब्लॅक अँड व्हाइट करायच्यात. तो माझ्याकडे बघतच राहिला. "माताजी, लोग तो उल्टा करवाने आते हैं. दादाजी की काली-सफ़ेद फ़ोटो लाते हैं, कहते हैं रंग भर दो. आप रंगीन को बेरंग करवाएँगी?"

म्हटलं, "तू चढवून दे. बेरंग मी करते."

हो, मीच. हसू नकोस. तुझ्या मावसभावाचा जुना कंप्यूटर माळ्यावर होता, तो खाली काढला. मी शाळा किती शिकले ते तुला ठाऊक आहे. पण मला स्वेटर कुणी शिकवला होता? दुकानातला स्वेटर उलटा करून टाके बघितले आणि विणला. तसंच हे. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, वाईट झालं तर मागे यायचं. स्वयंपाकात असं मागे येता येत नाही, मीठ पडलं की पडलं. म्हणून मला कंप्यूटर आवडला.

पहिल्या दिवशी एक बटण सापडलं, दाबलं की सगळा रंग उडून जातो. वाटलं, झालं काम. छापून आणला आणि ह्यांच्यासमोर धरला.

"काय आहे हे?"

"बघा तरी."

"धुकं आहे."

मी स्वतः चष्मा पुसून बघितलं तर खरंच की. आकाश राखाडी, पाणी राखाडी, रेती राखाडी. पिठलं नुसतं. दुसऱ्या खेपेला मी इरेला पेटले, काळं एकदम काळंकुट्ट केलं आणि पांढरं चुन्यासारखं. ह्यांनी मान फिरवून बघितलं आणि म्हणाले, "काजळाची डबी सांडली वाटतं." आणि पुन्हा भिंतीकडे. वर, "तू उगाच डोळे फोडून घेऊ नकोस. एका घरात एक आंधळा पुरे."

त्या शब्दाने मला जे लागलं ते मी पोळ्या लाटून काढलं. लाटताना एक गोष्ट मनात आली. मी माझ्या डोळ्यांनी बघून फोटो करतेय. ह्यांना काय दिसतं ते मला कुठे ठाऊक आहे? मग हात धुतले, आणि आरशाला चिकटवलेल्या टिकल्यांतल्या दोन मोठ्या काळ्या टिकल्या काढून माझ्या वाचायच्या चष्म्याला लावल्या. दोन्ही काचांच्या बरोब्बर मध्ये. आणि तो चष्मा घालून कंप्यूटरपुढे बसले.

अगं बाई! काय सांगू तुला. जिथे बघावं तिथेच टिकली. मान वाकडी करावी तेव्हा कडेकडेने काहीतरी सापडायचं. आणि मी निदान डोळा फिरवून टिकलीला चुकवू शकत होते; ह्यांच्या डोळ्यातली टिकली डोळ्याबरोबरच फिरते. पहिले दोन दिवस डोकं दुखलं. तशात सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली आणि मी तशीच दार उघडायला गेले. त्याने पातेल्यात दूध घालता घालता विचारलं, "अम्मा, चश्मे को नज़र न लगे, इसलिए?"

पण त्या टिकल्यांनी मला शिकवलं. कडेने बघायला लागलं की बारीकसारीक काही कामाचं नसतं. घाटाच्या पायऱ्या, देवळांची शिखरं, लाटा, सगळा पसारा. टिकून राहते ती एकच गोष्ट: जिथे काळं संपतं आणि पांढरं सुरू होतं ती रेघ. रेतीची रेघ. नावेची रेघ. पूल. मग मी त्या प्रोग्रॅममधल्या सरकवायच्या पट्ट्या शोधल्या. रंग उडवण्याआधी एकेका रंगाला सांगता येतं, तू काळा हो, तू पांढरा हो. निळ्याला काळं केलं की आकाश ढगासारखं भरून येतं. पिवळ्याला पांढरं केलं की रेती चमकून उठते. म्हणजे बघ, रंग आतमध्ये होताच. मी तो फेकला नाही, कामाला लावला.

चैत्र सरता सरता एक फोटो असा तयार झाला की टिकल्यांच्या आडूनही मला तो कळला. गंगा, एक नाव, लांबवर राजघाटचा पूल, एका बाजूला घाटांची काळी भिंत, दुसऱ्या बाजूला रेतीचा पांढरा पट्टा. भिंतीवरच्या कॅलेंडराएवढा मोठा छापून आणला. दुपारी खुर्चीवर उन्हात उभा केला आणि ह्यांच्या पाठीमागून गेले.

"चहा ठेवलाय. आणि खुर्चीवर बसू नका, तिथे काहीतरी ठेवलंय."

"काय?"

"बघा की."

हे उठले. ह्यांनी मान तिरकी केली, कावळा करतो ना भाताच्या गोळ्याकडे बघताना, तशी. बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात. चहा उतू गेला तो तसाच जाऊ दिला.

"पूल दिसतोय," हे म्हणाले.

"कुठला पूल?" मी विचारलं.

"राजघाटचा, दुसरा कुठला?" मान दुसऱ्या बाजूला. "अगं, पण हे घाट उजवीकडे कसे?"

"कसे म्हणजे? आहेत तिथेच आहेत."

"पूल समोर दिसतोय ना? मग डाव्या हाताला घाट आणि उजव्या हाताला रेती. काशीतलं शेंबडं पोरही सांगेल. ह्याच्यात रेती डावीकडे आहे! गंगा दक्षिणेला पळवलीस की काय? भगीरथाने एवढे कष्ट करून आणली आणि तू एका दुपारीत वळवलीस?"

मी पुढे होऊन बघितलं. बाई गं. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी चढवली होती. आणि मी ह्या घाटावर जन्म काढला, रोज हीच गंगा बघितली, इतके दिवस त्या फोटोला डोळे लावून बसले, आणि माझ्या लक्षात आलं नाही! मी काळं-पांढरं बघत होते. ह्यांनी अर्ध्या डोळ्यांनी मान वाकडी करून गंगा बघितली.

मला तेव्हाच कळलं की हे बरोबर आहेत. पण मी कबूल करते होय? मी "हो, चुकलंच" म्हटलं असतं तर हे पुन्हा जाऊन भिंतीपुढे बसले असते. मी म्हटलं, "तुम्हीच चुकताय. तुम्ही रामनगरकडे तोंड करून काढला असेल."

"रामनगरकडे त्या वेळी असा पूल होता का?"

"मला काय ठाऊक? तुमचे डोळे हे असे. कुणाचं खरं मानायचं माणसाने?"

हे मी मुद्दाम बोलले. बोलताना जिभेला चटका बसला, पण बोलले. मला वाटलं, झालं, जास्त झालं. देवघरातल्या देवांकडे बघायची हिंमत होईना.

"माझ्या चपला कुठे आहेत?" हे म्हणाले.

"कशाला?"

"चल घाटावर. दाखवतो तुला डावं-उजवं."

चपला कुठे असणार, पलंगाखाली, धुळीने भरलेल्या. मी पदरानेच पुसल्या. गल्लीतून निघालो. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. वाटेत गाय बसली होती, ती ह्यांना दिसली आणि मला दिसली नाही, कारण मी वर ह्यांच्या तोंडाकडे बघत चालले होते. "सांभाळ," म्हणाले, "आंधळी आहेस का?" मी मनात म्हटलं, बोला, हवं ते बोला.

घाटाच्या पायऱ्यांवर चहावाला उभाच राहिला. "अरे बाबूजी! कितने दिन बाद!" हे सावकाश उतरले. उन्हं कलली होती, नदी खूप खाली गेलेली, पलीकडे रेतीच रेती. मधल्या पायरीवर आम्ही बसलो. ह्यांनी गंगेकडे पाठ केली नाही, पण तोंडही केलं नाही. मान वळवली ती घाटाच्या दगडी भिंतीकडे. एक नाववाला दोर गुंडाळत होता, त्याला राहवेना. "बाबूजी, उधर का देख रहे हैं? गंगाजी इधर हैं."

हे म्हणाले, "हमको इधर से ही दिखती हैं, भइया."

कळलं का तुला आता? मुंजीत तुझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते ते? अगं वेडे, तुलाच बघत होते. समोर बघितलं असतं तर तुझ्या जागी डाग दिसला असता. तुला बघायचं म्हणून मान वळवली, आणि तू समजलीस की काकांना भाची नकोशी झाली.

मग ह्यांनी डावा हात लांब केला. "हे घाट." उजवा हात लांब केला. "ती रेती." काठीने समोर दाखवलं. "पूल. आता बोल."

"रेतीवर काय दिसतंय?" मी विचारलं. तिथे तंबू होते, उंट होते, पोरं पतंग उडवत होती.

"पांढरं दिसतंय. पांढरा पट्टा. पुरे आहे."

"बरं," मी म्हटलं, "तुमचं खरं. गंगा उत्तरेला."

"मग! नाहीतर मला सांगायला निघाली," असं म्हणून ह्यांनी चहा मागवला. एक कुल्हड संपवून दुसरा मागवला. मी हरल्याचा आनंद ह्यांना एवढा झाला होता की परत येताना गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "आण ती निगेटिव्ह." डाळीच्या पिंपामागून डबा काढताना मी मान खाली घातली होती. डब्याच्या पत्र्याचा आवाज ह्यांना ओळखू आलाच. "मल्लाहाने परत आणून दिला वाटतं?" एवढंच बोलले. निगेटिव्हची पट्टी कडेने धरली आणि ओठाला टेकवली. मी म्हटलं, हे काय आता? तर म्हणाले, "एक बाजू ओल्या ओठाला जरा चिकटते, ती मसाल्याची बाजू, फोटो उमटतो ती. दुसरी गुळगुळीत. डोळ्यांचं कामच नाही ह्यात." आणि पाकिटाच्या बरोबर त्याच बाजूला मला खूण करायला लावली. आता स्टुडिओवाल्याला आम्ही खुणेप्रमाणे देतो आणि त्याची बिशाद नाही गंगा वळवायची.

तेव्हापासून दुपारी कंप्यूटरपुढे दोन खुर्च्या असतात. हे माझ्या बाजूला, तोंड कपाटाकडे. मी पट्टी सरकवते, हे सांगतात. "आकाश अजून खाली." खाली म्हणजे काळं, ही ह्यांची भाषा. "नाव राहू दे. पाणी उचल जरा. एवढं नाही! पाण्याचं दूध केलंस." भांडणं इतकी होतात की खालची बिऱ्हाडकरीण एकदा विचारायला वर आली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

एकदा विचारलं मी, इतक्या वर्षांनी. "अहो, फोटोत माणूस का नाही घेतलं कधी?"

"घरात माणसं कमी होती का?"

मला आठवल्या त्या तीन खोल्या, सकाळची न्हाणीघरापुढची रांग, आणि पंगत उठली की लगेच बसणारी दुसरी पंगत. मी पट्टी सरकवली. मग हेच म्हणाले, "एक तास कुणी दिसू नये असं वाटायचं. आता दिसावं असं वाटतं, तर..." आणि म्हणाले, "आकाश खाली घे."

सगळं काही गोड नाही गं. हिवाळ्यातले धुक्याचे फोटो काही केल्या जमत नाहीत. आणि डोळे थांबलेले नाहीत. चैत्रात पुलाच्या कमानी कळायच्या, आता पूल म्हणजे नुसती आडवी रेघ. मी म्हणते, रेघ तर रेघ. ती आणखी जाड करीन. कागद पुरला नाही तर चादरीएवढा छापून आणीन आणि भिंतीला लावीन. भिंतीकडेच बघायचं आहे ना ह्यांना, मग भिंतीवर गंगा असू दे. रुसायचं तर गंगेने माझ्यावर रुसावं, मी काही सोडत नाही.

तुला पाठवलेला फोटो तोच होता, सरळ करून पुन्हा केलेला. तू रंग भरून धाडलास तेव्हा मी हसत हसत ह्यांच्यापुढे फोन धरला. म्हटलं, बघा तुमच्या भाचीची कारागिरी. ह्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. फोन जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, "रेती कुठे गेली?"

रंग भरल्याबरोबर रेती आणि पाणी ह्यांच्यासाठी एक झालं होतं. काही उरलं नव्हतं. म्हणून मला राग आला, आणि लगेच गेलाही, कारण तुला काय ठाऊक? आम्ही सांगितलंच कुठे? मग हे म्हणाले, "पोरीला सांगून टाक आता. उगाच रुसली आहे ती माझ्यावर." म्हणून हे सगळं लिहिलं.

आता ऐक कामाचं. गंगेचा पूर, आमची बाढ, ओसरतेय, घाटांवरचा गाळ पाण्याने धुवून काढताहेत. पुढे कार्तिक. पंचगंगा घाटावर उंच बांबू उभे राहतील, त्यांच्या टोपल्यांत आकाशदिवे लागतील. सांजेचं काळं होत आलेलं आकाश आणि त्यात पांढरे ठिपके. ह्यांच्या डोळ्यांसाठीच कुणी मांडल्यासारखं. हे म्हणताहेत, मला तिथे न्या, मी फोटो काढतो. मी विचारलं, कॅमेरा तर देऊन टाकला ना? तर म्हणाले, "तांदळाच्या पिंपामागून काढ." सगळं ठाऊक होतं बघ ह्यांना!

कॅमेऱ्याला रोल लागतो, आणि चौकातला स्टुडिओवाला म्हणतो, आता मिळत नाही. तुमच्या पुण्यात मिळत असेल तर एक घेऊन ये. काळा-पांढराच आण. नाही मिळाला तरी तू ये. दिवाळीचं निमित्त नको काढूस, त्याच्या आधीच ये. काका पलंगावर बसलेले असतील, तू त्यांच्या डाव्या बाजूला बस, समोर नको. ते भिंतीकडे तोंड फिरवतील. तेव्हा हलू नकोस, बोलत राहा, आणि त्यांना पोटभर बघू दे. उशीर करू नकोस गं, लवकर ये.